वाचनालयात बहुभाषिक वाचनकट्टा: आधी पुस्तक, मग आमंत्रण

मुंबईतल्या वस्त्यांमधली छोटी ग्रंथालयं चालवणाऱ्या कार्यकर्त्यांकडून एक तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. "आम्ही सगळ्या भाषांच्या लोकांना बोलावलं. पहिल्या खेपेला हॉल भरला. दुसऱ्या खेपेला आमचेच नेहमीचे बारा जण." मग शेवटी निष्कर्ष निघतो की लोकांना वाचायचंच नसतं. हे खरं नाही. बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकलेला असतो.

आमचाही चुकला होता. मी ज्या ग्रंथालयात काम करते तिथे पहिला 'सर्वभाषिक' कार्यक्रम झाला तेव्हा फ्लेक्स होता, प्रमुख पाहुणे होते, शाल-श्रीफळ होतं. शेजारच्या उर्दू शाळेतल्या मुलीही आल्या होत्या. कार्यक्रम आटोपल्यावर त्यांच्यातली एक, सातवीतली असेल, कपाटांच्या रांगांमधून दोनदा फिरून आली आणि देवघेवीच्या टेबलापाशी थांबून तिने विचारलं, "आंटी, हमारी वाली किधर हैं?" आमच्या सगळ्या कपाटांत मिळून उर्दूचं एकही पुस्तक नव्हतं. ती मुलगी पुन्हा आली नाही.

तेव्हापासून आम्ही क्रम उलटा केला. कार्यक्रम, म्हणजे निरनिराळ्या भाषांतले उतारे गोलात बसून वाचायचा दर महिन्याचा कट्टा, सगळ्यात शेवटी. त्याआधीच्या तयारीला किमान तीन महिने हाताशी ठेवा. एखादा टप्पा गाळून पुढे गेलात तर त्याची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत कळते.

१. आधी दाराबाहेर उभे राहा

संध्याकाळी वर्दळीच्या वेळी ग्रंथालयाच्या दाराबाहेर अर्धा तास उभे राहा आणि कधीच आत न आलेल्या माणसाला काय दिसतं ते बघा. पाट्या वाचा. 'फक्त सभासदांसाठी.' 'शांतता राखा.' 'विनाकारण बसू नये.' 'चपला बाहेर काढाव्यात.' सगळ्या मराठीत, तांबड्या अक्षरांत, आणि सगळ्या मनाई करणाऱ्या. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्यालाही तांबडा रंग कळतोच.

वर्तमानपत्रांचा विभाग बहुतेक ग्रंथालयांत सगळ्यांना फुकट खुला असतो, पण हे बाहेर कुठेच लिहिलेलं नसतं. तेव्हा पहिली नवी पाटी ही: 'आत या. पेपर वाचायला पैसे लागत नाहीत.' तुमच्या वस्तीत ज्या लिप्या वाचल्या जातात त्या सगळ्यांत ती लिहून घ्या.

खबरदारी: पाटी फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर टाइप करून थेट छापू नका. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये उर्दूची जोडून यायला हवीत ती अक्षरं सुटी होतात, कधी अख्खी ओळ उलटी छापली जाते. तमिळ-तेलुगूतही मात्रा इकडच्या तिकडे होतात. ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून कागदावर हाताने लिहून घ्या, त्याचीच प्रत काढून लावा. हाताने लिहिलेली पाटी लोकांना जवळचीही वाटते.

आणखी दोन गोष्टी लगेच बघा. चपलांची मांडणी दाराबाहेर असेल तर आत घ्या. नवी चप्पल जाईल या धास्तीने माणूस उंबऱ्यावरूनच परततो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे स्वच्छतागृह. ते नसेल, कुलपात असेल किंवा किल्ली शिपायाकडे मागावी लागत असेल, तर बायका तासापेक्षा जास्त थांबणार नाहीत. ग्रंथालय पहिल्या मजल्यावर असेल आणि जिना अरुंद असेल तर बैठक खालच्या समाजमंदिरात किंवा चाळीच्या अंगणात घेता येईल का, हेही आत्ताच ठरवा.

तपासून पाहा: सभासद नसलेल्या, मराठी न वाचणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला एकट्याला आत पाठवा. "काय काम आहे?" असं कुणीही न विचारता तो पाच मिनिटांत पेपरच्या टेबलाशी बसला, तर हा टप्पा झाला. टेबलावरच्या माणसाने तो प्रश्न विचारलाच, तर त्याच्याशी आधी बोला.

२. दोन रविवार वस्ती फिरा

'आपल्याकडे सगळे मराठीच आहेत' किंवा 'इथे सगळ्या भाषा आहेत' ही दोन्ही वाक्यं घरबसल्या केलेली असतात. वही घ्या आणि ग्रंथालयापासून दहा मिनिटांच्या अंतरातला भाग पायी फिरा.

पहिल्यांदा पेपरवाल्याकडे जा. उर्दूचे किती अंक जातात, गुजरातीचे किती, तमिळचे किती, हिंदीचे किती, हे त्याला तोंडपाठ असतं. पैसे देऊन वाचणारे किती आहेत याची इतकी नेमकी माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

मग शाळा. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. तुमच्या वॉर्डात त्यातलं कोणतं माध्यम आहे, आणि कोणतं नुकतंच बंद पडलं, ते मुख्याध्यापकांना विचारा. बंद पडलेलं माध्यम म्हणजे ती भाषा वाचणारे आईवडील घरी आहेत, पण मुलं आता दुसऱ्या भाषेत शिकतात. अशा घरांना पुस्तकं सगळ्यात जास्त लागतात.

तिसरं, देवळं, मशिदी, चर्च, दर्गे आणि जातीय मंडळं यांच्या बाहेरचे सूचनाफलक. त्यावर कोणत्या लिपीत लिहिलेलं असतं ते टिपा.

आता नेहमी होणारी चूक. बोलायची भाषा आणि वाचायची भाषा एकच असेल असं धरून चालू नका. धारावीत तिसऱ्या पिढीतला तमिळ मुलगा घरी तमिळ बोलतो, वाचतो मात्र इंग्रजी किंवा मराठी. भोजपुरी बोलणारी बाई हिंदी वाचते. वरळी-प्रभादेवीच्या जुन्या चाळींतल्या पद्मशाली घरांत आजी तेलुगू बोलते आणि नात मराठी शाळेत शिकते. तिथे तेलुगू कादंबऱ्यांचं कपाट भरलंत तर धूळ खाईल. तेलुगूतून मराठीत आलेल्या गोष्टी मात्र वाचल्या जातील. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने ठेवा: घरात काय बोलतात, आणि घरात कोण काय वाचतं.

प्रश्नही असाच विचारा, "तुमच्या घरात कोण काय वाचतं?" समोरच्याला "तुम्ही वाचता का?" असं विचारू नका. वाचता न येणारा माणूस त्या प्रश्नाने ओशाळतो, आणि ग्रंथालय आपल्यासाठी नाही अशी त्याची खात्री पटते. जात आणि धर्म विचारायचा नाही, वहीतही लिहायचा नाही.

दोन रविवारांनंतर मराठीशिवाय दोन भाषा निवडा. दोनच. पाच भाषांची यादी घेऊन सुरुवात केलेली ग्रंथालयं प्रत्येक भाषेची चार-चार पुस्तकं ठेवतात आणि कुणाचंच समाधान होत नाही.

३. मंडळाचा ठराव

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता असलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळतं आणि हिशेब तपासले जातात. त्यामुळे खर्च थोडासा असला तरी कार्यकारी मंडळाचा लेखी ठराव घ्या. ठरावात तीन गोष्टी असू द्या: कोणत्या दोन भाषा, किती रक्कम, आणि किमान एक वर्षाची मुदत. मुदत लिहून घेतली नाही तर तिसऱ्या महिन्यात कुणीतरी 'प्रतिसाद नाही' म्हणून काम थांबवतं.

बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: "मराठी ग्रंथालयात इतर भाषांना जागा कशाला?" हा प्रश्न विचारणाऱ्याला मराठीविषयी खरी काळजी असते, त्याला उडवून लावू नका. कट्ट्याची सामायिक भाषा मराठीच राहणार आहे हे सांगा. या शहरात वीस वर्षं राहून ज्यांना मराठी फक्त बसच्या पाटीवर भेटते, त्यांना मराठी कविता ऐकायला बसवणारी जागा आपल्याशिवाय कोण देणार, हे विचारा. आमच्या इथे सगळ्यात जोरात विरोध करणारे सभासद आज दर महिन्याला मराठी उताऱ्यांची निवड करतात.

४. कपाट भरा

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

सुरुवात पुस्तकांपासून न करता पेपरपासून करा. निवडलेल्या प्रत्येक भाषेचा एक दैनिक पेपर उद्यापासून लावा. गुजरातीत १८२२ पासून चालू असलेला 'मुंबई समाचार' याच शहरात निघतो. उर्दूतला 'इन्किलाब' १९३८ पासून इथलाच. रोजचा पेपर हे सगळ्यात स्वस्त आमंत्रण आहे, आणि त्याने माणसाला उद्या परत येण्याचं कारण मिळतं. पहिले पंधरा दिवस उर्दू पेपरची घडीही मोडली गेली नाही तरी बंद करू नका. आमच्याकडे सतराव्या की अठराव्या दिवशी एक शिंपीकाका आले. पेपर उघडला, चष्मा काढून पुसला, आणि दीड तास बसले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आले.

पुस्तकं प्रत्येक भाषेची तीस-चाळीस पुरतात, पण मिश्रण नीट हवं. साधारण निम्मी मुलांची, एक चतुर्थांश कथा-कादंबऱ्या, उरलेली आरोग्य, स्वयंपाक, शिवण, कायद्याची साधी माहिती आणि स्पर्धा परीक्षा यांची. मुलांची पुस्तकं जास्त, कारण घरात पुस्तक मुलाच्या हातून शिरतं आणि आई ते रात्री चाळते.

कुठून आणायची? काळबादेवी-प्रिन्सेस स्ट्रीट भागात गुजराती पुस्तकांची दुकानं आहेत, भेंडी बाजार-मोहम्मद अली रोड परिसरात उर्दूची. जुन्या पुस्तकांसाठी माटुंग्याचं किंग्ज सर्कल. नॅशनल बुक ट्रस्ट मुलांची स्वस्त पुस्तकं अनेक भारतीय भाषांत काढतं. साहित्य अकादमीचं मुंबईतलं कार्यालय दादर पूर्वेला आहे. ती २४ भाषांत काम करते. तिच्या अनुवादांत एकच कादंबरी मूळ भाषेत आणि मराठीत अशी जोडी मिळाली तर जरूर घ्या. कट्ट्याच्या दिवशी ती जोडी फार उपयोगी पडते: एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने मराठी.

देणगीच्या पुस्तकांची खबरदारी: बातमी पसरली की लोक पोती आणून टाकतात. त्यात जुनी गाइडं, वाळवी लागलेले अंक आणि धार्मिक प्रचाराच्या पुस्तिका असतात. 'देणगीतून काय घ्यायचं हे ग्रंथपाल ठरवतील, न घेतलेली पुस्तकं आठ दिवसांत परत न्यावीत' असा कागद आधीच दारावर लावा. प्रचारपुस्तिका कोणत्याच धर्माच्या किंवा पक्षाच्या घेऊ नका. एकाची घेतली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

नोंदणीतल्या चुका

दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवायच्या वहीत, नाव मूळ लिपीत लिहा आणि शेजारी देवनागरीत उच्चार लिहा. फक्त देवनागरी लिहिलं तर वाचकाला सूचीत आपलं पुस्तक सापडत नाही. फक्त मूळ लिपीत लिहिलं तर तुमच्याच सेवकाला ते कपाटातून काढता येत नाही.

उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. आमच्या पहिल्या वीस पुस्तकांना तारीखपत्रक (परतीची तारीख लिहायचा कागद) नेहमीच्या सवयीने चिकटवलं गेलं, म्हणजे उर्दू वाचकाच्या दृष्टीने मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, लेखकाच्या नावावरच. शिक्काही तिथेच. ओल्या फडक्याने ती पत्रकं सोडवताना चार पानं फाटली. म्हणून पहिलं पुस्तक त्या भाषेच्या वाचकाच्या हातात द्या, त्याच्यासमोर शिक्का आणि पत्रक लावा, मग बाकीची त्याप्रमाणे करा.

वर्गांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा ठरवणारा आकडा, देताना साहित्याला ड्यूई दशांश पद्धतीतले आकडे वापरा: मराठी ८९१.४६, हिंदी ८९१.४३, उर्दू ८९१.४३९, गुजराती ८९१.४७, तमिळ ८९४.८११, कन्नड ८९४.८१४, तेलुगू ८९४.८२७. पण पहिलं वर्षभर ही पुस्तकं वर्गांकाप्रमाणे विखरू नका. दारातून दिसेल अशा जागी, डोळ्यांच्या उंचीला, एकत्र ठेवा. आतल्या खोलीतल्या गोदरेजच्या बंद कपाटात ठेवलेलं पुस्तक नवा वाचक मागत नाही. ते आहे हेच त्याला ठाऊक नसतं.

तपासून पाहा: दारात उभं राहून तुमच्या निवडलेल्या दोन्ही लिप्या नजरेला पडतात का?

५. सभासदत्वाचा अर्ज बदला

पुस्तक हातात घेतलेला माणूस अर्जापाशी गळतो, हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलं आहे.

पहिली अडचण पत्त्याच्या पुराव्याची. रेशनकार्ड किंवा लाइट बिल मागितलं की अकरा महिन्यांच्या कराराने राहणारा, गाळ्यात झोपणारा कारागीर, घरकाम करणारी बाई, सगळे बाद. कार्डावर गावचा पत्ता असतो. यावर आम्ही असा उपाय काढला: एका जुन्या सभासदाची ओळख पुरे, सुरुवातीचे तीन महिने एका वेळी एकच पुस्तक, अनामत कमी. मुलांसाठी शाळेचं ओळखपत्र. पुस्तकं हरवतील अशी भीती मंडळाला होती. हरवली ती जुन्या सभासदांच्या घरी जितकी हरवतात तितकीच.

दुसरी अडचण नावाच्या रकान्याची. 'नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव' हा साचा आपल्यासाठी ठीक. पुष्कळ तमिळ माणसांना आडनाव नसतं; नावाआधीचं अक्षर वडिलांच्या नावाचं असतं. आडनावाचा रकाना रिकामा पाहून टेबलावरचा माणूस अर्ज परत देतो, किंवा स्वतःच काहीतरी भरतो. 'पूर्ण नाव, तुम्ही लिहिता तसे' असा एकच रकाना ठेवा. जात-धर्माचा रकाना जुन्या अर्जातून राहिला असेल तर काढून टाका.

अर्ज मूळ भाषेत छापायचा खर्च नको असेल तर मराठी अर्जाच्या रकान्यांना क्रमांक द्या आणि त्या क्रमांकांचा अर्थ सांगणारा कागद दोन्ही भाषांत टेबलाच्या काचेखाली ठेवा.

६. दिवस आणि वेळ

वर्षाचं वेळापत्रक करायच्या आधी पाण्याची वेळ विचारा. चाळीत आणि झोपडपट्टीत ज्या तासाला नळाला पाणी येतं त्या तासाला एकही बाई येणार नाही, मग वाचन कितीही गोड असो. भागाभागात ही वेळ वेगळी असते. ती त्या गल्लीत जाऊनच कळते.

रविवार दुपार टाळा. पाहुणे किंवा वाचक लोकलने येणार असतील तर मेगाब्लॉक आडवा येतो. शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा ही वेळ आम्हाला मानवली. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी आठवड्यातला एखादा दिवस, दुपारी तीन ते साडेचार, अशी वेगळी छोटी बैठक घ्यावी लागली.

सणांचा हिशेब दरवर्षी नव्याने करा. रमजान दरवर्षी साधारण १० ते ११ दिवस आधी येतो, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख यंदा चालत नाही. त्या महिन्यात संध्याकाळी इफ्तारच्या सुमाराला कट्टा ठेवणं म्हणजे येऊ नका असं सांगणंच झालं. गुढीपाडव्यालाच तेलुगू आणि कन्नड घरांत उगादी असते; त्या दिवशी सगळे घरी असतात, कट्टा पुढच्या शनिवारी घ्या आणि नव्या वर्षाचाच विषय ठेवा. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ सोडा. जुलैत मोठ्या भरतीच्या दिवशी तुमच्या भागात पाणी साचत असेल तर भरतीचं वेळापत्रक बघूनच तारीख ठरवा.

खबरदारी: ग्रंथालयाच्या सुट्टीच्या दिवशी कट्टा ठेवू नका. हॉल मोकळा मिळतो म्हणून पुष्कळ जण तसं करतात. लोक येतात, ऐकतात, पुस्तक हवंसं वाटतं, आणि देवघेव बंद!

७. आमंत्रण

छापील पत्रिका नको, फ्लेक्स नको. एव्हाना पेपर वाचायला येणारे पाच-सात जण तुमच्या ओळखीचे झाले असतील. त्यांना आमंत्रण देताना "या" एवढंच म्हणू नका; "तुमच्या आवडीचं एक पान वाचाल का?" असं विचारा. वाचणारा माणूस आपल्याबरोबर दोघांना आणतो. व्हॉट्सॲपवर निरोप द्यायचा तर त्याच माणसाच्या आवाजात, त्याच्या भाषेत, अर्ध्या मिनिटाचा पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही तो पोचतो.

८. कट्ट्याची नव्वद मिनिटं

खुर्च्या गोलात मांडा. रांगा केल्या की पुढची रांग ओळखीच्यांची होते आणि नवे लोक दाराजवळ बसून मधेच निघून जातात. पंधरा-वीस माणसं पुरेत. एवढ्या माणसांना माइक लागत नाही, आणि माइक हातात आला की वाचणारा माणूस भाषण करायला लागतो.

प्रमुख पाहुणे नकोत. हे मी आग्रहाने सांगते, कारण प्रत्येक मंडळाला ते हवे असतात. पाहुण्यांचं स्वागत, परिचय, मनोगत आणि आभार यात पाऊण तास जातो, आणि ज्या बाईने आठ दिवस घरी उतारा वाचून सराव केला तिला शेवटी "वेळेअभावी दोनच मिनिटं" असं सांगावं लागतं. ती पुन्हा वाचायला तयार होत नाही.

विषय हाताला लागेल असा निवडा: पाऊस, पहिला पगार, गावाहून आलेलं पत्र, पाणी भरणं, शाळेचा पहिला दिवस, लोकलमधली गर्दी. 'एकात्मता', 'सलोखा' असे विषय ठेवले की लोक मनातलं बोलत नाहीत, शोभेल ते बोलतात.

प्रत्येक उताऱ्याचा क्रम असा:

आधी वाचणाऱ्याने दोन वाक्यांत सांगायचं की हा उतारा का निवडला. मग मूळ भाषेत तीन ते चार मिनिटं वाचन. मग लगेच दुसऱ्या कुणीतरी मराठीत, दोन मिनिटांत, आशय सांगायचा. नंतर गोलातून एखाद-दुसरा प्रश्न. एका उताऱ्याला दहा मिनिटं धरा, म्हणजे नव्वद मिनिटांत सहा उतारे आणि मधे चहा बसतो.

इथली चूक: आशय आधी सांगून मग मूळ वाचणं. मग मूळ भाषा कुणी ऐकत नाही, फक्त संपायची वाट बघतात. मूळ आधी ऐकवा. न कळणाऱ्या भाषेची लय लोक फार मन लावून ऐकतात, आणि मग अर्थाची उत्सुकता लागते. मराठी उताऱ्यालाही हाच नियम लावा. त्याचा आशय हिंदीत सांगा. आपल्या भाषेला वेगळी वागणूक दिली की नव्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोन जागा राखून ठेवा. ओवी, अंगाई, म्हण, कोडं, काहीही. आमच्या तिसऱ्या कट्ट्यावर पाण्याचा विषय होता. साताऱ्याकडच्या एक आजी पुस्तक नको म्हणाल्या आणि बसल्या जागी जात्यावरच्या दोन ओव्या म्हणाल्या. ओवी म्हणताना त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता, खुंटा धरल्यासारखा. समोर बसलेल्या तेलुगू आजींना शब्द कळले नव्हते, पण हात कळला. त्यांनीही तसाच हात फिरवत त्यांचं दळणाचं गाणं म्हटलं. त्या गाण्याचा आशय सांगायला त्यांची नात उठली आणि म्हणाली, "आजीला हे येतं हे मला माहीतच नव्हतं." हे कागदावर ठरवून होत नाही, त्यासाठी फक्त जागा राखायची.

मुलांना मोठ्यांच्या गोलात दीड तास बसवू नका. शेजारच्या खोलीत एक ताई आणि एकच गोष्ट दोन-तीन भाषांत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच चित्रगोष्ट मराठी, उर्दू, तमिळ अशा अनेक भाषांत मिळते आणि मुक्त परवान्यामुळे छापून वापरता येते. लेखक-चित्रकारांची नावं असलेलं पान मात्र काढू नका. चित्रं तीच असल्यामुळे मुलं एकमेकांच्या भाषेतले शब्द स्वतःच जुळवतात.

कायद्याची बाजू: प्रकाशित पुस्तकातला वाजवी लांबीचा उतारा सभेत वाचून दाखवायला प्रताधिकार कायदा, १९५७ परवानगी देतो. पण अख्ख्या कथेच्या झेरॉक्स वाटणं, किंवा वाचनाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणं, ही वेगळी गोष्ट आहे; त्यासाठी लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी घ्या. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे असतात. चित्रीकरणाला बसलेल्यांचीही परवानगी लागते. बुरख्यातल्या किंवा घरी न सांगता आलेल्या बायका कॅमेरा दिसला की उठून जातात. आम्ही फोटो काढणं बंदच केलं आहे. अहवालाला उपस्थितीच्या वहीचं पान पुरतं.

वाद होईल तेव्हा: कधी ना कधी राजकारणाचा किंवा धर्माचा विषय निघतोच. सुरुवातीलाच एक नियम सगळ्यांसमोर सांगून ठेवा, की बोलायचं ते वाचलेल्या उताऱ्याबद्दल. कुणी घसरलं तर "दादा, ती ओळ पुन्हा वाचाल का?" असं म्हणून पुस्तकाकडे आणा. शांतपणे, पहिल्याच वेळी. दोनदा सोडून दिलंत तर तिसऱ्या वेळी आवरत नाही, आणि दुखावलेला माणूस न बोलता कायमचा जातो.

तपासून पाहा: नव्वद मिनिटांत सगळ्यात जास्त कोण बोललं? उत्तर 'सूत्रसंचालक' असेल तर पुढच्या वेळी सूत्रसंचालक बदला.

९. कट्टा उठल्यावर

देवघेवीचं टेबल कट्ट्यानंतर किमान अर्धा तास चालू हवं, आणि वाचलेली सगळी पुस्तकं त्यावर मांडलेली हवीत. सभासद नसलेल्याने मागितलं तर तिथेच अर्ज भरून घ्या, पुस्तक त्याच संध्याकाळी द्या. "सोमवारी या" म्हटलं की तो माणूस गेला. काही ग्रंथालयं सोमवारी बंदही असतात.

वहीत उपस्थितीबरोबर आणखी तीन आकडे लिहा: त्या महिन्यात प्रत्येक भाषेची किती पुस्तकं बाहेर गेली, कट्ट्याला आलेल्यांपैकी किती जण मधल्या आठवड्यांत आपणहून आले, आणि दुसऱ्या भाषेचं किंवा तिच्यातून अनुवादित पुस्तक किती जणांनी नेलं. तिसरा आकडा फार हळू वाढतो. आमच्याकडे पहिले सहा महिने तो शून्यच होता.

एखाद्या भाषेचं कपाट तीन महिने हललं नाही तर पुस्तकं काढू नका. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं तिसरं हेच सांगतं, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. पेपर वाचणाऱ्यांपैकी दोघांना कपाटापाशी नेऊन विचारा की यात काय नको आहे आणि काय हवं आहे. आमच्या शिंपीकाकांनी जाड कादंबऱ्यांवर हात ठेवून सांगितलं, "छापा बारीक आहे, रात्री कामाहून आल्यावर डोळे साथ देत नाहीत." आम्ही मोठ्या अक्षरांतली पुस्तकं आणली आणि टेबलावर एक भिंग दोरीने बांधून ठेवलं.

पुढचा विषय आणि वाचणाऱ्यांची नावं त्याच संध्याकाळी, सगळे बसलेले असतानाच ठरवा. तारीख फळ्यावर ज्याची त्याने आपल्या लिपीत लिहायची, आणि तो फळा पुसायचा नाही असं शिपायाला सांगून ठेवा.